वाचकांचे प्रश्न : डीव्हीडी का रखडते, का अडकते?

गेल्या अंकात घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर कशा उतरवून घ्यायच्या ते लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र पुढच्या पायरीची: उतरवलेलं डीव्हीडीवर नीट चढत नाही. मला वाटलं होतं पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी वापरणारी मंडळी संपली असतील. तसं काही झालेलं नाही. सासूबाईंच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे, देवस्थानाच्या ऑफिसात आहे, आणि कोर्टातही अजून चकती मागतात. मिरजेत रेकॉर्डिंग आणि कॉपीचं दुकान चालवताना हेच प्रश्न माझ्या काउंटरवर रोज असायचे, त्यामुळे सगळी पत्रं याच अंकात घेते.

मंडळाच्या ऑफिसात विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉप आहे. रायटर (डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह) १६एक्सचा, डीव्हीडीही १६एक्सच्या. पूर्वी सहा मिनिटांत निघणारी डीव्हीडी आता पाऊण तास घेते. तेवढा वेळ माउससुद्धा अडखळत चालतो. रायटर गेला का? नवा घ्यावा का?
— एक वाचक, कराड

थांबा, पैसे काढू नका. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य माउसचं आहे. रायटरची लेन्स थकली असती तर डीव्हीडी फुकट गेल्या असत्या, माउस अडखळला नसता. माउस अडखळतो याचा अर्थ प्रोसेसर कुठल्या तरी हमालीत गुंतलाय.

रायटरकडे माहिती जाण्याच्या दोन तऱ्हा असतात. डीएमएमध्ये ती मेमरीतून परस्पर रायटरकडे जाते, प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओमध्ये प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून द्यावा लागतो. एक्सपीची खोड अशी की, एखाद्या आयडीई चॅनेलवर, म्हणजे ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या वाटेवर, चुका किंवा टाइमआउट साठत साठत सहा झाले की विंडोज डीएमए बंद करून पीआयओवर येते. तुम्हाला विचारत नाही, सांगतही नाही. ओरखडे पडलेली एखादी सीडी कोणी वाचायला घातली, ती अडकली, की झाला टाइमआउट. मंडळाच्या संगणकावर अशा सीडी किती जणांनी घातल्या असतील ते तुम्हालाच ठाऊक.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. त्यात ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ उघडा. रायटर बहुतेक सेकंडरी चॅनेलवर असेल. त्याच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘करंट ट्रान्सफर मोड’पुढे ‘पीआयओ’ दिसलं की आजार पकडला. वरच्या खान्यात ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ आधीच निवडलेलं असेल. त्याला भुलू नका, ती नुसती इच्छा आहे. ते चॅनेल अनइन्स्टॉल करा. घाबरायचं कारण नाही, संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज ते आपोआप शोधून नव्याने बसवते आणि चुकांची जुनी खतावणी पुसली जाते. मग तिथे ‘अल्ट्रा डीएमए मोड’ २ किंवा ४ दिसायला हवा.

आठवड्याभरात पुन्हा पीआयओवर आलं तर मात्र केबल बदला. जुनी आयडीई केबल ४० तारांची असते, नवी ८० बारीक तारांची. दोन्हींची टोकं सारखीच, पण तारांच्या जाडीवरून ओळखू येतात. ८० ची टाका. जुन्या बाजारात अजून मिळते आणि किंमत नगण्य असते.

आता वेळेचा हिशोब, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांतही तो चुकलेला आहे. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ किलोबाइट. या वेगाने पूर्ण ४.७ जीबीची डिस्क जवळपास ५७ मिनिटं घेते. सीडीचा १एक्स फक्त १५० किलोबाइट, म्हणून सीडीच्या ५२एक्सशी डीव्हीडीच्या १६एक्सची तुलना करायला जाऊ नका. ५७ भागिले १६ केलं तर साडेतीन मिनिटं येतात आणि लोक म्हणतात कंपनीने फसवलं. तसं नाही. १६एक्सचा रायटर आतल्या कडेला साधारण साडेसहा एक्सने सुरू होतो आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत १६ गाठतो. त्यामुळे पूर्ण डिस्कला साडेपाच-सहा मिनिटं हे उत्तम. ८एक्सला आठ-नऊ मिनिटं, ४एक्सला चौदा-पंधरा. सुरुवातीची आणि शेवटची एखाद-दोन मिनिटं धरून. याच्या दुप्पट लागत असतील तर शोधाशोध करा, एरवी चहा घ्या.

लॅपटॉपला यूएसबीचा बाहेरचा रायटर जोडलाय. राइट करताना बफरचा (माहिती रायटरकडे जाण्याआधी साठते त्या जागेचा) पट्टा शंभरवरून शून्यावर येतो, पुन्हा भरतो, पुन्हा रिकामा. कधी रायटर मध्येच डिसकनेक्ट होतो. फायली पेनड्राइव्हवर आहेत. पेनड्राइव्ह, रायटर आणि मोबाइल एकाच यूएसबी हबला लावलेत.
— एक वाचक, ठाणे

फायली आधी लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा. पेनड्राइव्हवरून वाचायचं, त्याच यूएसबी हबमधून रायटरकडे पाठवायचं, वर त्याच हबला मोबाइल चार्जिंगला, हे सगळं एकाच अरुंद बोळातून बैलगाड्या नेण्यासारखं आहे. हब काढा, रायटर थेट लॅपटॉपला लावा. हजारो बारीक फोटो असतील तर आधी त्यांची आयएसओ इमेज, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाइल, बनवा आणि मग ती राइट करा. एक मोठी फाइल सलग वाचणं डिस्कला सोपं जातं. इमेज एफएटी३२ फॉरमॅटच्या ड्राइव्हवर मात्र ठेवू नका, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि काम मध्येच थांबतं.

डिसकनेक्ट होण्याचं कारण वेगळं आहे, ते विजेचं. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो आणि चकती जोरात फिरताना, लेझर चालू असताना, बारक्या रायटरला त्याहून जास्त लागतं. काही रायटरबरोबर दोन प्लगची केबल येते. तो दुसरा प्लग शोभेचा नाही, दोन्ही लावा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा.

बफर रिकामा झाला तरी आजकालचे रायटर डिस्क फुकट घालवत नाहीत. लेझर थांबतो आणि माहिती आली की तिथूनच पुढे लिहू लागतो. पण असे वीस-पंचवीस सांधे पडलेली डिस्क मी कोणाला विकली नसती.

आमच्या ओळखीचे एक व्हिडिओवाले म्हणतात, डीव्हीडी नेहमी १एक्स किंवा २एक्सवर राइट करायची, तरच टिकते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ४एक्सच्या खाली पर्यायच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तीस प्रती काढायच्या आहेत.
— एक शिक्षिका, रत्नागिरी

बाई, तुमचे व्हिडिओवाले वीस-एक वर्षांपूर्वीचं बरोबर सांगताहेत. तेव्हा डिस्कच १एक्स-२एक्सच्या होत्या.

राइट करणं म्हणजे ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरने डिस्कमधल्या रंगद्रव्याच्या थरावर खुणा पाडणं. ते द्रव्य कुठल्या वेगाला, किती ताकदीच्या आणि किती वेळाच्या ठिणगीला नीट प्रतिसाद देईल, हे कारखान्यात ठरलेलं असतं. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कला फार मंद वेगाने राइट केलं तर खुणा हव्या तशा रेखीव येतीलच असं नाही. उलट वाईट येतात, हे मी चाचण्यांत पाहिलेलं आहे. शिवाय कुठल्या डिस्कला कशी लेझर मारायची याची यादी रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या पोटातल्या प्रोग्रॅममध्ये, असते. तुमच्या रायटरने ४च्या खालचा पर्याय दिला नाही, तर त्याला त्या डिस्कसाठी त्याहून मंद कृती ठाऊकच नाही. सक्ती करू नका.

माझं मत स्पष्ट आहे: १६एक्सची डिस्क ८एक्सवर. पूर्ण १६वर नको, कारण चकती तेव्हा मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि किंचित वाकडी किंवा असमतोल डिस्क बाहेरच्या कडेला थरथरते. बारक्या लॅपटॉप-रायटरची कमाल ८एक्सच असते, तिथे ६ निवडा. दुहेरी थराच्या ८.५ जीबीच्या डिस्कला ४. रिराइटेबल डिस्कवर मुलांच्या पालकांना द्यायच्या प्रती काढूच नका. त्यांचं परावर्तन कमी असतं, जुने प्लेअर त्या ओळखतच नाहीत.

‘मंद म्हणजे चांगली’ या समजुतीपेक्षा मला जास्त राग येतो तो राइट झाल्यावर न तपासण्याचा. ‘बर्न सक्सेसफुल’ या संदेशाचा अर्थ रायटरने लिहायचं काम संपवलं, इतकाच. लिहिलेलं वाचता येतं का, ते त्याने पाहिलेलं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ची खूण असते ती करा. वेळ जवळपास दुप्पट लागतो, हो. तीस प्रतींना संध्याकाळ जाईल, हो. पण अकरा पालकांचे फोन घेण्यात दोन संध्याकाळी जातात.

एक पायरी पुढे जायचं असेल तर नीरो या राइटिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा ‘डिस्कस्पीड’ हा छोटा प्रोग्रॅम वापरा. पूर्वी त्याला ‘सीडी-डीव्हीडी स्पीड’ म्हणत. त्यात ‘ट्रान्सफर रेट’ची चाचणी कुठल्याही ड्राइव्हवर चालते. वेगाची रेषा डावीकडून उजवीकडे सलग चढत गेली पाहिजे. मध्ये खड्डे पडले तर तिथे ड्राइव्हला पुन्हापुन्हा वाचावं लागतंय. ‘डिस्क क्वालिटी’ ही दुसरी चाचणी सगळ्या ड्राइव्हना जमत नाही, लाइटऑन कंपनीच्या बऱ्याच रायटरना जमते. तिच्यात पीआय चुका, म्हणजे वाचताना ड्राइव्हला सापडणाऱ्या बारीक चुका, मोजतात. मानकाप्रमाणे त्या २८० च्या आत हव्यात आणि पहिल्या फेरीत सुधारता न आलेल्या, म्हणजे पीआय फेल्युअर, ४ च्या आत. मी घरच्या ठेवणीच्या डिस्कसाठी २८० पर्यंत थांबत नाही. शंभरच्या वर गेली की दुसरी काढते.

आलेख जवळजवळ नेहमी उजव्या टोकालाच बिघडतो. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेला वेगही जास्त, डगमगही जास्त. म्हणूनच लग्नाची डीव्हीडी मंगलाष्टकांपर्यंत ठीक चालते आणि पाठवणीला चित्राचे चौकोन होतात. तुमच्या संमेलनात शेवटी बक्षीससमारंभ असेल. म्हणजे तक्रार कोणाकडून येईल ते समजलं! डिस्क काठोकाठ भरू नका, ४.१-४.२ जीबीवर थांबा. तपासायला घरातला सगळ्यात जुना, कुरकुरा प्लेअर घ्या आणि थेट शेवटची दहा मिनिटं लावा.

एकाच कंपनीच्या, एकाच दिसणाऱ्या पन्नासच्या दोन डब्यांपैकी एकातल्या डीव्हीडी उत्तम निघाल्या, दुसऱ्यातल्या निम्म्या प्लेअरवर चालत नाहीत. रायटर तोच, वेग तोच. असं कसं?
— फोटो-व्हिडिओ व्यावसायिक, सोलापूर

कारण डब्यावरचं नाव विकणाऱ्याचं असतं. बनवणारा निराळा असू शकतो, आणि तो दर खेपेला बदलूही शकतो. खरा बनवणारा कोण, ते डिस्कच्या आतल्या कडेला कोड म्हणून कोरलेलं असतं. इमजबर्न हे राइटिंगचं सॉफ्टवेअर उघडा, कोरी डिस्क घाला, उजवीकडच्या माहितीत ‘डिस्क आयडी’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरर आयडी’ पाहा. ‘एमसीसी’ म्हणजे मित्सुबिशी, ‘टीवायजी’ म्हणजे जपानची तायो युडेन, ‘सीएमसी’ आणि ‘रायटेक’ तैवानचे, ‘एमबीआय’ने सुरू होणारा कोड आपल्या मोझर बेअरचा. दोन्ही डब्यांतली एकेक डिस्क घालून बघा. कोड वेगळा दिसला तर कोडं सुटलं. रायटरला तो कोड माहीत नसेल तर तो अंदाजाने लेझर मारतो. अशा वेळी रायटरचं फर्मवेअर नवं करून पाहावं, म्हणजे त्याच डब्यातल्या उरलेल्या डिस्क नीट निघू शकतात.

कोड तोच दिसला आणि तरी दर्जा वेगळा, तर नकली माल असण्याची शक्यता धरा. कोडही नकली उमटवता येतो. माझ्या दुकानात एका पुरवठादाराकडून अशी खेप आली होती. छपाई अव्वल, बिलही पक्कं, आणि डिस्क उजेडात धरली तर रंगद्रव्याच्या कडेला लाटा. तेव्हापासून डबा फोडला की पहिली, मधली आणि शेवटची डिस्क राइट करून तपासायची हा नियम केला. तुम्हीही करा. पूर्ण डबा वापरून झाल्यावर दुकानदार परत घेत नाही.

आणि जुन्या आठवणीवर खरेदी करू नका. तायो युडेनने २०१५ मध्ये डिस्क बनवणं बंद केलं. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर, जिच्या डिस्कवर आपल्या सगळ्यांची निम्मी लग्नं आहेत, २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. व्हर्बाटिम हे नाव २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीकडे गेलं. आज या नावांचा जो माल दिसेल तो एक तर जुन्या साठ्यातला किंवा दुसऱ्याच कोणी बनवलेला. वाईटच असेल असं नाही, पण नावावर पैसे देण्याआधी सुटी एक डिस्क घेऊन कोड बघा.

गिऱ्हाइकाकडे कुठला प्लेअर असेल ते माहीत नसताना डॅश-आर (डीव्हीडी-आर) घ्या. प्लस-आर (डीव्हीडी+आर) घ्यायचीच असेल तर रायटर ‘बुकटाइप’, म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची ते सांगणारी नोंद, बदलू देतो का ते पाहा आणि ‘डीव्हीडी-रॉम’ करा. जुने प्लेअर तिला छापील डीव्हीडी समजून मुकाट्याने चालवतात.

पुराव्याचं सीसीटीव्ही फुटेज डीव्हीडीवर टाकून दिलं. माझ्या लॅपटॉपवर उघडतं, कोर्टातल्या संगणकावर डिस्क कोरी दिसते. दोनदा नवी काढली, तेच.
— एक वकील, लातूर

डिस्क घातल्यावर विंडोजने एक प्रश्न विचारला असेल: ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरमध्ये?’ पहिला पर्याय आधीच निवडलेला असतो आणि घाईत सगळे ‘नेक्स्ट’ दाबतात. त्या पद्धतीत डिस्क अर्धी उघडी राहते, जुन्या संगणकाला ती समजत नाही. दुसरा पर्याय निवडा, फायली टाका, मग ‘बर्न टू डिस्क’ करा. इमजबर्नसारखं सॉफ्टवेअर वापरलं तर हा घोळ होतच नाही, डिस्क बंद होऊन बाहेर येते. फुटेजचं फॉरमॅट डीव्हीआर कंपनीचं खास असेल तर तिचा प्लेअर प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर टाका.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) लिहायची असते, ते तुम्ही मला शिकवाल. माझी सूचना एवढीच की, हॅश काढताना राइट झालेल्या डिस्कवरच्या फाइलचीही काढा आणि मूळ फाइलशी जुळते का बघा. त्यात पडताळणी आपोआप होते.

४.७ जीबीची डीव्हीडी, ४.५ जीबीचा फोल्डर. तरी ‘जागा नाही’ म्हणते.
— एक विद्यार्थी, पुणे

डब्यावरचा जीबी हजाराच्या पटीतला, विंडोजचा १०२४ च्या. विंडोजच्या भाषेत तुमची डिस्क ४.३८ जीबीची आहे. काहीतरी वगळा.

२००६ सालच्या आमच्या लग्नाची डीव्हीडी आता कुठेच चालत नाही. छान फोटोचं गोल स्टिकर लावून ठेवलेली आहे. कडेला पांढरट डाग आलेत. काही होऊ शकेल?
— एक वाचक दांपत्य, चिपळूण

पांढरट डाग चिकटवलेल्या थरांत आहेत की वरच्या पृष्ठभागावर, त्यावर सगळं आहे. कोकणच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशी येते, ती बहुतेक वरवरची असते. साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की ओरखडा लिखाणाच्या गोल रेषेच्याच दिशेने पडतो आणि ड्राइव्हला तो भरून काढता येत नाही. टूथपेस्टचे व्हिडिओ बघू नका. डाग आत असेल, म्हणजे दोन थरांमध्ये हवा-ओलावा शिरला असेल, तर पुसून जाणार नाही.

स्टिकर उपटू नका! डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते, स्टिकरबरोबर वरची चकती सुटू शकते. ते लावायलाच नको होतं, कारण कागद ओल शोषतो, आक्रसतो, डिस्क वाकते आणि बाहेरच्या कडेला लेझरचा नेम चुकतो. पण आता राहू द्या.

प्लेअर सोडा, संगणकाचा ड्राइव्ह वापरा, आणि एका ड्राइव्हने नाही म्हटलं तर तीन-चार वेगळ्या ड्राइव्हमध्ये घाला. एक ड्राइव्ह जिथे अडतो तिथे दुसरा निघून जातो, हे दुकानात इतक्यांदा घडलं की मी जुने ड्राइव्ह भंगारात देणंच बंद केलं. डिस्क उघडली तर फायली ओढून कॉपी करायला जाऊ नका, पहिल्या वाईट जागेला विंडोज सगळंच सोडून देईल. आयसोबस्टर, किंवा लिनक्स येत असेल तर डीडीरेस्क्यू वापरा. हे प्रोग्रॅम वाईट जागा बाजूला ठेवून आधी बाकीचं उचलतात आणि मग मागे वळून पुन्हा प्रयत्न करतात. डीडीरेस्क्यूची नोंद-फाइल तीच ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू करता येतं, उरलेले तुकडे तिथे भरून निघतात. रात्रभर लागू शकतो. मध्ये पाच सेकंदांचं चित्र गेलं तरी बाकीचं लग्न हाती येतं.

इमेज निघाली की ती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक चिपळुणात आणि एक शक्यतो दुसऱ्या गावी, वरच्या मजल्यावर. पुराचं गाव आहे तुमचं. नवी डीव्हीडी त्यानंतर काढा, ८एक्सवर, स्टिकरऐवजी सीडी मार्करने मधल्या पारदर्शक भागावर तारीख लिहून.